लाईट गेली तरी सनई चालू होती

आमच्या तलवाड्यात पिक्चर बघताना गप्प बसायची पद्धत नाही. ज्याला गप्प बसून बघायचा असेल त्यानं थेटरात जावं, आणि थेटर काही आमच्या गावात नाही. मी बायकांचे ब्लाऊज शिवते. बाया माप द्यायला येतात आणि समोर टीव्ही चालू असला की माप राहतं बाजूला. हात वर करून उभ्या राहतात आणि टीव्हीतल्या सासूला मनसोक्त शिव्या घालतात. "अहो, हलू नका जरा," म्हणत मी टेप घेऊन त्यांच्याभोवती फिरत राहते.

मी सांगतेय ती गोष्ट अशाच एका टीव्हीवर लागलेल्या पिक्चरची. कोर्टकचेरीचा होता, पण हसतखेळत. चोरी कुणी केली ते शोधायचं, मधे मधे हसायचं, एवढंच. त्याच्यावर आमच्या घरात जे मत दिलं गेलं, त्या मतावर माझ्या लेकीचं लग्न येऊन अडलं.

लेक माझी वकील आहे. हे वाक्य मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगते, मग लेक लाजून खिडकीबाहेर बघत बसते. बघू दे. अंबाजोगाईला राहून ती कायदा शिकली आणि आता गेवराईच्या कोर्टात एका जुन्या वकीलसाहेबांच्या हाताखाली काम करते. तिचा पहिला काळा कोट मी शिवला. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईनं कोटाला हात घालायचा म्हणजे आगाऊपणाच होता, पण मला तो विकत आणायचाच नव्हता. कॉलर उसवून उसवून बसवली. डाव्या खांद्याला झोळ राहिला तो राहिलाच. लेक म्हणाली, "असू दे, जजसाहेब खांदा बघत न्हाईत." तोच कोट घालून ती रोज सकाळी निघते.

आता या कोटानंच सोयरीक जमेना. एका स्थळानं सांगितलं, वकील सून म्हणजे घरात रोज उलटतपासणी. दुसऱ्या ठिकाणची आजी तर तोंडावर म्हणाली, "लग्नाच्या पोरीच्या अंगावर रोज काळं? शुभ कसं व्हायचं तिचं?" मी म्हणाले, आजी, तुमचे केस काळे होते तवा तुमचं झालं की लग्न. ते स्थळ तिथंच मोडलं. घरच्यांनी माझ्यावरच डोळे वटारले.

मग आष्टीकडचं स्थळ आलं. मुलगा पंचायत समितीत नोकरीला, शांत, फोटोतसुद्धा लाजलेला. घरच्या सोयरिकी आमचे मोठे भावजी, म्हणजे आमच्या मालकांचे थोरले भाऊ, जुळवतात. माणूस वाईट नाही. पण एकदा बोलायला लागले की दुसऱ्यालाही तोंड आहे हे विसरतात. त्यांनी आदल्या दिवशी आम्हाला समोर बसवलं आणि सांगितलं, "पोरगी कायदा शिकली, एवढंच सांगायचं. कोर्टात जाती हे काढायचं न्हाई. लग्नानंतर घरीच बसणार हाय, असं मी सांगतो. तुमी कुणी मदी बोलायचं न्हाई."

"आन लग्नानंतर कोट घालून निघाली तर?" मी विचारलं. "बँडवाल्यांचा हाय म्हणून सांगायचं का?"

आमचे मालक एसटीत ड्रायव्हर. गाडीत हॉर्न आणि घरात भाऊ, दोन्हींपुढं गप्प बसायची त्यांना सवय. ते म्हणाले, "गप ना जरा."

लेक मात्र शांतपणे म्हणाली, "काका, मला कुणी विचारलं न्हाई तर मी सांगणार न्हाई. पण विचारलं तर खोटं बोलणार न्हाई."

"कोण कशाला इचारतंय?" भावजी म्हणाले आणि मला कोट कपाटात टाकायला सांगून गेले. मी तो आतल्या खोलीत खुंटीला लावला. कपाटात कोंबला असता तर चुरगळला असता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा. वडिलांचा पाय दुखत होता म्हणून ते आले नव्हते, आणि त्यांच्या वाटचं सगळं बोलणं मामाच बोलत होता. पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं, आवाज असा की शेजारच्या घरालाही वाटावं आपल्यालाच बघायला आलेत. सकाळपासून लाईट नव्हती. पोरगी डोक्यावर पदर घेऊन खुर्चीवर बसली आणि मामा सुरू झाला. नाव काय, शिक्षण किती, भावंडं किती.

"पुरणपोळी येती का?"

"येते," लेक म्हणाली. "पण फुटते."

मुलाची आई पदराआड हसली. भावजींनी खाकरून विषय बदलला. तेवढ्यात लाईट आली.

आता आमच्याकडची एक खोड सांगते. लाईट गेली की टीव्हीचं बटण कुणी बंद करत नाही. सगळ्या गावाचं असंच. बटण बंद केलं तर लाईट आलेली कळणार कशी? म्हणून लाईट येते तेव्हा घरोघरचे टीव्ही एकदम ओरडून उठतात. आमच्या टीव्हीचा आवाज तर आदल्या दिवशी शिलाईमशीनवर मात करायला मी पार वाढवून ठेवला होता. भरल्या बैठकीत, पोरगी मान खाली घालून बसलेली असताना, कोपऱ्यातून बाईचा आवाज दणाणला, "साहेब, माझा अशील निर्दोष आहे!"

मुलाच्या आईच्या हातातली कपबशी हिंदकळली. भावजी रिमोटकडे असे झेपावले की त्यांचं धोतर खुर्चीत अडकलं. पण मामानं हात वर केला. "असू द्या, असू द्या! ह्याची जाहिरात बघितली मी. आज लागणारच होता. बसा, बसा. आवाज तेवढा कमी करा."

पाहुण्यांच्या मामानं बसा म्हटल्यावर काय करणार. बसलो सगळे. आणि दोन जाहिराती होईस्तोवर सगळे विसरले, आपण इथं कशाला जमलोय ते. पोरगी तशीच खुर्चीवर, आणि बाकीच्यांची तोंडं टीव्हीकडे.

पिक्चर कोर्टापासून सुरू होऊन मग मागचं दाखवत होता. गोष्ट साधी होती. एका हॉलमध्ये संध्याकाळचं लग्न. ऐन गर्दीत लाईट जाते आणि परत येते तेव्हा नवरीच्या गळ्यातला हार गायब. नवरीची आत्या सनईवाल्याकडे बोट दाखवते, पोलीस त्याला धरून नेतात. स्कूटरवर फिरणारी एक वकीलबाई त्याची केस घेते. जजसाहेबांना दुपारचं जेवण झालं की डुलकी लागते आणि वकीलबाई मुद्दाम फाईल आपटून त्यांना जागं करते.

"जज असा झोपतो व्हय?" मामा म्हणाला. "कायबी दाखवतेत."

"झोपत असतील की," आमचे मालक म्हणाले. "ड्रायव्हरला तेवढी सोय न्हाई."

"चोर सनईवालाच हाय," मामानं निकाल देऊन टाकला. "बघा कसा घामाघूम झालाय. गरीब माणूस, सोनं समोर, अंधार. अजून काय पायजे?"

भावजींनी लगेच मान डोलावली. पाहुण्यांच्या मामाचं मत म्हणजे त्या दिवशी आमचंही मत. मुलाची आई मात्र टीव्हीतल्या त्या सनईवाल्याकडे टक लावून बघत होती आणि तिचा चहा निवून गेला होता.

तेवढ्यात खुर्चीवरून आवाज आला. "मामा, एक विचारू?"

हा आवाज मला ठाऊक होता. लहानपणी फुटलेल्या बरणीबद्दल मी तिच्या भावाला मारायला निघाले की असाच मधे यायचा.

"इचार की," मामा खुशीत म्हणाला.

"लाईट गेली तवा हॉलमदी काय काय ऐकू येत होतं?"

"आरडाओरडा. दुसरं काय."

"आन?"

मामानं आठवलं. "आन सनई."

"लाईट येईपर्यंत सनई मधी थांबली का?"

"न्हाई. चालूच होती."

"मग सनईला हात किती लागतात, मामा?"

मामानं बशी खाली ठेवली. दोन्ही हात तोंडापुढे धरले, बोटं हलवून बघितली, आणि तसेच हवेत धरून बसला. मुलाची आई एकदम मोठ्यानं हसली. तोंडाला पदर लावायचंही तिला सुचलं नाही. मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून माझ्या लेकीकडे नीट बघायला लागला.

"ऑ? मग हार नेला कुणी?" मामा म्हणाला.

"मला आत्या वाटते. सगळ्यात आदी बोट तिनंच दाखवलं."

"छ्या! आत्या कशी? हॉलचा मॅनेजर असंल!"

मग जो कालवा उठला तो काय सांगू. भावजी स्वतःचा हुकूम विसरून म्हणाले, वाढप्या असेल. आमचे मालक म्हणाले, वऱ्हाडाच्या गाडीचा ड्रायव्हर असेल. जन्मभर स्टिअरिंग धरलं आणि संशय घ्यायचा तर ड्रायव्हरवर! तिकडे वकीलबाई उठून उभी राहिली. म्हणाली, "साहेब, खरा चोर आत्ता याच कोर्टात बसलाय." तिनं बोट उचललं, वळवलं, आणि लाईट गेली.

"आरंऽऽ!" हा आवाज एकट्या आमच्या घरातून नाही आला, सगळ्या गल्लीतून आला. सगळं गाव तोच पिक्चर बघत होतं, आणि सगळ्या गावाचा शेवट हुकला.

हसणं ओसरलं तेव्हा मामानं कौतुकानं विचारलं, "पोरी, हे असं प्रश्न इचारायला कुठं शिकली गं तू?"

भावजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. विचारलं होतं ना? मग सांगायचं.

"कोर्टात," ती म्हणाली. "गेवराईच्या कोर्टात मी रोज जाते."

"लग्नानंतर बंद करणार हाय ती," भावजी घाईनं म्हणाले. "हौस म्हणून जाती सध्या."

"न्हाई काका. बंद न्हाई करणार." आवाज चढवला नाही, पदर ढळला नाही. "मामा, तुमी म्हणाल त्या गावात सून म्हणून येईन, तिथल्या कोर्टात जाईन. पण जाईन. हे आजच सांगितलेलं बरं."

मला वाटलं मला रडू येईल. पण खरं सांगते, माझी छाती अशी भरून आली की वाटलं उठावं आणि बैठकीतच तिची दृष्ट काढावी. मला बघायला आले होते तेव्हा मला चालून दाखवायला लावलं होतं, वेणी सोडून केस दाखवायला लावले होते, आणि मी हूं की चूं केलं नव्हतं. माझ्या पोटची पोर खुर्चीवर बसून स्वतःची अट सांगत होती.

मामा उठला. "बरं. बघू. इचार करून कळवतो." आमच्याकडे कळवतो म्हणजे काय हे लहान लेकरालाही कळतं. कुणी कळवत नसतं.

जाण्याआधी हळदीकुंकवाला मुलाची आई आत आली. मी करंडा शोधत होते तेवढ्यात तिची नजर खुंटीवर गेली. तिनं जवळ जाऊन कोटाची बाही हातात घेतली. डाव्या खांद्यावरून हात फिरवला.

"कुणी शिवला?"

"म्या," मी म्हणाले. "खांद्याला जरा झोळ हाय."

तिनं बाही सोडली. कुंकू लावून घेतलं आणि गेली.

त्यानंतर भावजींनी आमच्या घरी यायचं बंद केलं. रस्त्यात मालक भेटले की म्हणायचे, एका पिक्चरपायी सोन्यासारखं स्थळ घालवलं. गावात तर दोन्ही गोष्टींची चर्चा एकाच दमात व्हायची. बाया माप द्यायला यायच्या आणि विचारायच्या, "चोर कोण असंल गं, आत्या का मॅनेजर? आन पोरीचं मोडलं म्हणं?" एक म्हणाली, पिक्चर लई झकास होता पण लाईटीनं मातेरं केलं. दुसरी म्हणाली, असले पिक्चर बघूनच पोरी बोलायला लागल्यात. तिच्या बाह्या मी जरा घट्टच बेतल्या.

लेक रोज सकाळी कोट घालून निघायची. फक्त एकदा भाकरी खाता खाता म्हणाली, "मुलगा बरा वाटला होता गं, आई." तेवढंच. मी तव्यावरची भाकरी उलटत राहिले. मला मामाचा राग आला, भावजींचा आला, त्या लाईटवाल्यांचा तर लईच आला. पण तिनं खोटं बोलायला पाहिजे होतं असं एकदाही मनात आलं नाही.

पुढच्या रविवारी तोच पिक्चर परत लागला. आमच्या घरात टीव्ही लावायची कुणाची छाती झाली नाही. संध्याकाळी माझ्या फोनवर फोन आला. सोयरिकीचे फोन पुरुषांना येतात, बायकांना नाही, म्हणून मला वाटलं कुणाचा तरी ब्लाऊज राहिलाय. मुलाची आई होती.

"ताई, मी पिक्चर शेवटपर्यंत बघितला," ती म्हणाली. "तुमच्या लेकीचं चुकलं. आत्या न्हाई. फोटोवाला निघाला. अंधारात सगळे बोंबलत होते आन त्याच्या कॅमेऱ्याचा उजेड एकदाबी पडला न्हाई, हात हारात गुंतले व्हते."

मी म्हणाले, "बरं." दुसरं काय म्हणणार. एवढं सांगायला फोन केला का बाई, असं तोंडावर आलं होतं.

"पण सनईवाला सुटला," ती म्हणाली. "ताई, माझा बाप कापसाच्या जिनिंगवर राखणदार व्हता. तिथली मोटार चोरीला गेली आन सगळ्यांनी त्याच्याकडं बोट दाखवलं. त्या दिवशी तो माझ्या मावशीच्या गावाला गेलता. कुणी इचारलंच न्हाई. एक प्रश्न कुणी इचारला न्हाई. पुढं चोर दुसराच निघाला, पण माझा बाप त्याच्या आदीच गेला. मान खाली घालूनच गेला तो." मग म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या घरात सगळे चोर हुडकत व्हते. तुमच्या लेकीनं आदी त्या गरिबाला सोडवलं. मला ही पोरगी पायजे. माझा भाऊ तवा लहान व्हता, त्याला ध्यानात न्हाई. त्याला मी सांगितलंय, तू आता बोलायचं न्हाई."

मी फोनमध्ये नुसती मान हलवत राहिले, जसं काही तिला दिसतंय.

लेकीला सांगितलं तर आधी तिनं कपाळावर हात मारून घेतला. "फ्लॅश! कसं सुचलं न्हाई मला!" मग म्हणाली, "त्या बाईंना पटलं, पण मला त्यांच्या मुलाशी बोलायचंय." बोलली. सरळ विचारलं, मी कोर्टात गेलेलं चालेल का. तो म्हणाला, "आष्टीचं कोर्ट आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. मी बघून आलो." लेक आत येऊन हे मला सांगताना हसत होती, आणि मग एकदम उशीत तोंड घालून रडली.

कुंकवाचा, म्हणजे सोयरीक पक्की करायचा कार्यक्रम आमच्याच दारात मांडव घालून झाला. भावजी फेटा बांधून सगळ्यांत पुढे, जसं काही सगळं त्यांनीच जुळवलंय. मामाही आला होता. आल्या आल्या लेकीला म्हणाला, "मॅनेजर न्हाई निघाला, पर आत्याबी न्हाई निघाली बरं का!" दोघं हसले.

मग मुलाची आई ओटी भरायला उठली. तांदूळ घातले, नारळ ठेवला, हळकुंड ठेवलं. आता खण म्हणून तिनं पिशवीत हात घातला आणि घडी काढली. काळ्या कापडाची.

मांडवातल्या बायांनी माना उंचावल्या. शुभकार्यात आमच्याकडे कुणी काळा धागासुद्धा पुढं करत नाही. एका म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. भावजी अर्धे उठले. "अहो, काळं? ओटीत काळं कावून?"

"कोर्टाचं काळं हाय, भाऊ," ती म्हणाली. "माझ्या बापाच्या बाजूनं असं एक जरी उभं राहिलं असतं, तर तो मान वर करून गेला असता." आणि ती घडी तिनं माझ्या लेकीच्या पदरात, नारळाच्या शेजारी ठेवली. मग माझ्याकडे वळली. "विहीणबाई, शिवायचा तुमीच. आन ह्या खेपेला डावा खांदा नीट बसवा."

माझा टेप माझ्या गळ्यातच असतो, त्या दिवशीही पैठणीवर होता. मी पुढे झाले. सगळ्या मांडवासमोर, भरली ओटी पदरात धरून उभ्या असलेल्या माझ्या वकील लेकीच्या खांद्यावर टेप लावला. हलू नको म्हणायची वेळ आली नाही. ती ताठ उभी होती.